डबा आभारानंतर उघडायचा

बावीस वर्षं मी टोरोंटोतल्या एका बँकेत 'नाही' लिहीत होते. हुद्द्याचं नाव मोठं होतं, कार्डावर दोन ओळींत मावायचं नाही, पण काम एवढंच. लोक बँकेकडे काहीतरी मागायचे, बँकेला ते द्यायचं नसायचं, आणि तो नकार अशा शब्दांत बसवायचा की पत्र संपेपर्यंत वाचणाऱ्यानं स्वतःला भाग्यवान समजावं. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही ऋणी आहोत. आपली विनंती आम्ही बारकाईनं अभ्यासली. पुढे पर्यायांचा विचार करताना आपण नक्कीच आमच्या स्मरणात राहाल. आमच्या खात्याला सगळे 'स्पष्ट भाषेचं खातं' म्हणायचे. असं पत्र मिळाल्यावर एका बाईनं आम्हाला उलट थँक्यू कार्ड पाठवलं होतं. साहेबांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

मला काढलं तेव्हाही बँकेनं पत्रच दिलं. त्यातली तीन वाक्यं माझीच होती, आणि खरं सांगते, वाचून मला क्षणभर बरंही वाटलं. मग आम्ही तासाभरावरच्या ग्वेल्फला आलो, कारण नवरा इथल्या विद्यापीठात सोयाबीनवर संशोधन करतो आणि सोयाबीन टोरोंटोला यायला तयार नव्हतं. बेसमेंटमध्ये मी एक टेबल टाकलं आणि छोट्या धंद्यांची पत्रकं, वेबसाइट, प्रेझेंटेशन सुधारून द्यायला लागले. टेबलामागे भिंतीवर पाटी लावली: 'आधी मुद्दा. मग बाकीचं. जमलं तर बाकीचं नकोच.'

छोट्या धंद्यांना एकच हौस असते, मोठ्या धंद्यासारखं बोलायची. एक प्लंबर आला, त्याच्या पत्रकावर 'पाण्याशी आपलं नातं आम्ही नव्यानं घडवतो' असं होतं आणि फोन नंबर नव्हता. टॅक्स भरून देणाऱ्या एका गृहस्थांना वेबसाइटवर सूर्योदय हवा होता. केक करणाऱ्या एका बाईंच्या पत्रकावर सहा तऱ्हेची अक्षरं आणि सात रंग. एवढे कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, सॉफ्टवेअरमध्ये फुकट होते. ह्या सगळ्यांना मी पाटीकडे बोट दाखवायचे आणि फार शहाण्यासारखं बोलायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत.

गेल्या हिवाळ्यात इथल्या मराठी मंडळातली एक मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणजे चाळिशी ओलांडलेली, पण मंडळात साठीच्या आतल्या सगळ्या मुलीच असतात. मूळची सांगलीकडची. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या फॅक्टरीत ती पॅकिंगला जायची, कायमची नव्हे, बोलावतील तेव्हा. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी एका चर्चचं किचन भाड्यानं घेऊन चकल्या करायची. भाजणी स्वतः भाजायची, सोऱ्या आईचा, पितळी. तिची चकली दाताखाली मोडली की शेजारच्या खोलीतला माणूस काय झालं ते बघायला यायचा. आसपासच्या गावांत सात-आठ ग्रोसरी दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीनं तिला वीस मिनिटं दिली होती. तिची चकली दुकानांत ठेवायची की नाही, ते त्यानंतर ठरणार होतं.

त्याच सुमाराला फॅक्टरीनं तिला कायमची नोकरी देऊ केली. सकाळची शिफ्ट, सोमवार ते शुक्रवार. चर्चचं किचन फक्त सकाळीच मोकळं असायचं, म्हणजे एक धरलं की दुसरं सुटणार. फॅक्टरीला उत्तर द्यायची मुदत प्रेझेंटेशननंतरच्या शुक्रवारी दुपारी बाराला संपत होती. दुकानवाले हो म्हणाले तर शिफ्ट सोडायची, नाही म्हणाले तर चकली. हे तिनं मला पहिल्या भेटीत, चहा यायच्या आधी, चार वाक्यांत सांगितलं. इतकं स्वच्छ बोलणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. मी तिथेच म्हणायला हवं होतं की बाई गं, तुला माझी गरज नाही. पण मी तिच्याकडून फॉर्म भरून घेतला.

प्रेझेंटेशन मात्र तिच्या एकटीचं नव्हतं. तिच्या नवऱ्याला एक काका होते, आणि ते आता सगळ्या मंडळाचेच काका झाले होते. सत्तरच्या दशकात एडमंटनला आलेले इंजिनिअर. रिटायर झाल्यावर मुलाजवळ ग्वेल्फला आले, पण इथल्या थंडीला ते थंडी मानत नाहीत. कुणी स्कार्फ गुंडाळला की एडमंटनची आठवण काढून हसतात. इथल्या मंडळाची घटना त्यांनी लिहिली, हॉल त्यांनी शोधला, आणि प्रत्येक कार्यक्रमाचं प्रास्ताविक तेच करतात. आपल्या घरातली सून दुकानवाल्यांसमोर उभी राहणार म्हटल्यावर ते मागे राहणं शक्यच नव्हतं.

माझी अडचण वेगळी होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आम्ही ह्या देशात पहिल्यांदा उतरलो ते एडमंटनलाच, आणि विमानतळावर आम्हाला घ्यायला हेच काका आले होते, दोन जुने कोट हातावर टाकून. ज्या माणसानं उणे तीसमध्ये तुमच्या अंगावर कोट घातला, त्याच्या स्लाइडवर काट कशी मारणार? भीड भिकेची बहीण म्हणतात. ही बहीण आमच्या घरी तेव्हापासून मुक्कामाला आहे.

काकांच्या पहिल्या मसुद्यात एकेचाळीस स्लाइड होत्या. पहिल्यावर गणपती. दुसरीवर समई, तिची ज्योत हलायची. तिसरीवर स्वागत, चौथीपासून मान्यवरांचा परिचय, त्यात काका एका मंत्र्याशी हस्तांदोलन करताना. मंत्र्याचा फक्त खांदा दिसत होता. मग महाराष्ट्राचा नकाशा, तांदळाचा इतिहास, डाळींचं महत्त्व, आणि 'आमची मूल्ये' म्हणून एक आकृती, जी मला पाइपलाइनच्या व्हॉल्व्हची वाटली आणि नंतर कळलं की ती तीच होती. चकली छत्तिसाव्या स्लाइडवर उगवायची, तीसुद्धा कोपऱ्यातून गोल फिरत. उरलेल्या पाच स्लाइड आभाराच्या, चर्चच्या पाद्रीबुवांपासून लोगो काढून देणाऱ्या पुतणीपर्यंत. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे तळणाचं तेलही नमनातच संपलं होतं.

ज्यानं मंडळाचा एक तरी कार्यक्रम बघितलाय त्याला हा साचा लगेच ओळखू येईल. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, आभार. ज्यासाठी लोक जमलेत ते ह्या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी दहा मिनिटांत उरकायचं. कुणाचं नाव राहिलं तर तो वर्षभर मंडळात येत नाही, म्हणून नावं वाढत जातात. दुकानाच्या खरेदी विभागातलं कोणी नाव राहिलं म्हणून रुसणार नव्हतं, पण ती माणसं मंडळात येत नाहीत हेच काकांना पटत नव्हतं.

मी एकेचाळीसच्या सात केल्या. हे काय आहे, कसं लागतं, किती दिवस टिकतं, कोण करतं, आठवड्याला किती पाकिटं देऊ शकते, कुठल्या शेल्फवर ठेवायचं, तुमच्याकडून काय हवं. बस. आणि हे काकांना सांगायची वेळ आली तेव्हा मी तोंड उघडलं तर आतून बँकच बोलायला लागली. काका, पाया फार भक्कम आहे, मी म्हटलं, थोडं सुटसुटीत करता आलं तर विचार करू या. काका प्रसन्न झाले. पाया भक्कम आहे असं एक्स्पर्टनंच सांगितल्यावर त्यांनी त्यावर आणखी सहा स्लाइड चढवल्या. आठवडाभर अशी देवाणघेवाण चालली आणि शेवटी तेविसावर तह झाला. माझ्या सात त्यात इकडेतिकडे विखुरलेल्या होत्या.

ह्या सगळ्यात ती मुलगी फक्त एकदा बोलली. काकांच्या घरी आम्ही तालीम करत होतो. तिनं विचारलं, आपण गेल्या गेल्या त्यांना चकली खायला दिली तर? मग जे बोलायचं ते बोलू. काकांनी मान हलवली. मंडळाचा चाळीस वर्षांचा अनुभव असा, की खाणं आधी बाहेर काढलं की हॉल रिकामा. बटाटेवडे आत झाकून ठेवतात म्हणून तर लोक आभारापर्यंत बसतात. तिनं माझ्याकडे बघितलं. आता गंमत अशी की मीही टोरोंटोला बारा वर्षं मंडळाचं सूत्रसंचालन केलंय, आणि वड्याचा वास सुटल्यावर माझ्यासमोरचा हॉल कसा उठून जातो ते मी सोसलंय. शिवाय उत्सुकता टिकवून ठेवणं वगैरे मी कुठल्याशा वर्कशॉपमध्ये शिकलेही होते.

"डबा आभारानंतर उघडायचा," मी म्हटलं.

सगळ्या प्रकरणात मी एकच वाक्य स्पष्ट बोलले, ते हे.

मुदतीच्या आठवडाभर आधी, शुक्रवारी, आम्ही तिघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. समोर खरेदी बघणाऱ्या एक बाई आणि त्यांचे एक सहकारी. बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, हसून. चकल्यांचा स्टीलचा डबा आमच्या मुलीनं मधोमध ठेवला. काका उठले आणि मी फक्त दोन शब्द बोलणार आहे असं इंग्रजीत म्हणाले. ते ऐकून मी मनातल्या मनात नऊ मिनिटं धरली, आणि नऊच लागली. त्यात एडमंटनचा पहिला हिवाळा होता, गोठलेली गाडी होती, शेजाऱ्यानं शिकवलेलं बर्फ शोव्हल करणं होतं. समई मिनिटभर तेवत राहिली, कारण पुढची स्लाइड येईना.

तिची पाळी आली तेव्हा तेरा मिनिटं झाली होती. ती चांगलं बोलत होती. पण डाळींच्या महत्त्वातून वाट काढत तिला चकलीपर्यंत पोचायचं होतं. मध्ये एकदा त्या बाईंनी डब्याकडे बघितलं. तिनंही बघितलं, आणि तिचा हात झाकणावर गेला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, एवढीशी, सूत्रसंचालक पडद्याआड उभ्या असलेल्या माणसाला थांब म्हणतात तशी. तिनं हात मागे घेतला. आभाराच्या दुसऱ्या स्लाइडवर वीस मिनिटं संपली आणि पुढचे लोक दारात येऊन उभे राहिले.

बाई उभ्या राहिल्या. तुमची कहाणी फार समृद्ध आहे, त्या म्हणाल्या, ती आमच्यापर्यंत आणल्याबद्दल आम्ही खरोखर ऋणी आहोत, आणि पुढे पर्यायांचा विचार करताना तुम्ही नक्कीच आमच्या स्मरणात राहाल.

ते वाक्य मी ओळखत होते. बावीस वर्षं मी ते वळत होते. त्यात कुठे किती साखर घालायची आणि नकार कुठे पुरायचा, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

गाडीत काका विजयी वीर होते. बाई किती भारावली बघितलंत ना, असं ते दोनदा म्हणाले. वाटेत देशी दुकानापाशी गाडी थांबवून त्यांनी पेढे घेतले. संध्याकाळच्या आत मंडळाच्या ग्रुपवर निरोप गेला की आपली चकली लवकरच कॅनडाच्या दुकानांत, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ती मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी पुढे बसून विंटर टायर्सचा आवाज ऐकत होते. मागे वळून एक वाक्य बोलायचं होतं, तीन शब्दांचं. मी पेढा खाल्ला.

शनिवारी सांगू म्हटलं. शनिवारी काकांचा फोन आला, मंडळात तिचा सत्कार करायचा का म्हणून विचारायला, आणि मी विचार करू म्हटलं. रविवारी मी तिला ईमेल लिहायला घेतली. पहिल्या मसुद्यात मी तिच्या आत्मविश्वासाचं कौतुक केलं. दुसऱ्यात भाजणीचं. तिसऱ्यात बाजारपेठेची एकंदर परिस्थिती आली. पाचव्या मसुद्यात मला दिसलं की मी तिला बँकेचं पत्र लिहितेय. खोडून पुन्हा लिहिलं, तर तेच पण थोडक्यात.

माझी मुलगी कॉलेजमधून घरी आली होती. तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "आई, जस्ट टेल हर. इट्स अ नो," म्हणाली आणि फ्रिज उघडायला गेली. नवऱ्यानं जेवताना विचारलं, तू सांगणार आहेस की सोयाबीननं सांगायचं? मी दोघांवर डाफरले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला पहिला राग येतो. तिची शुक्रवारची मुदत मला पाठ होती. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी बर्फ पडलं आणि मला वाटलं, चला, आज कोणी कोणाला भेटू शकणार नाही.

गुरुवारी दुपारी ती स्वतःच आली. किचनवरून थेट, कोटाला तळणाचा वास, हातात तोच स्टीलचा डबा. बेसमेंटमध्ये पाटीखाली बसली. मी चहा आणला आणि सुरुवात केली. तुझी मेहनत मी बघितलीय, असं म्हटलं. अशा गोष्टींना वेळ लागतो, असंही म्हटलं. कॅनडात छोट्या धंद्यांना किती वाव आहे इथपर्यंत आले, तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

"ताई, त्या बाई नाही म्हणाल्या. मला तिथेच वाटलं होतं," ती म्हणाली. "आमच्या फॅक्टरीत कुणाला लेऑफ करायचं असलं ना, की सुपरवायझर आधी त्याच्या मुलांची चौकशी करतो."

मग तू तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुम्ही होतात ना. तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून म्हटलं, माझंच चुकत असेल. सहा दिवस मी आशा लावून बसलेय. काल अजून भाजणी भाजून ठेवली. उद्या बाराला मला उत्तर द्यायचंय."

मी तिची माफी मागितली. ह्या वेळी वाक्य लहान होतं, कारण मोठं सुचलं नाही. ती हं म्हणाली आणि फोन काढला. त्या बाईंनाच विचारू, म्हणाली, म्हणजे मनात राहायला नको. तिथल्या तिथे, अंगठ्यानं, तिच्या फॅक्टरीतल्या इंग्रजीत तिनं लिहिलं: तुम्ही नाही म्हणालात असं मला वाटतं. बरोबर आहे का? कारण सांगा. मला वाईट वाटणार नाही. माझा हात शिवशिवला. वर निदान आपण कुशल असाल अशी आशा आहे, एवढं तरी घाल, असं मी सुचवलं.

"त्या कुशल आहेत. मी बघून आलेय त्यांना," ती म्हणाली आणि पाठवून दिलं.

बावीस वर्षांत मला असं पत्र कोणी पाठवलं नव्हतं. आलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ह्याचा विचार करत मी दुसरा चहा टाकायला वर गेले. चहा घेऊन खाली आले तोवर उत्तर आलं होतं. तिनं ते मला वाचायला दिलं. बाईंनी लिहिलं होतं: हो, नाहीच. सरळ विचारलंत ते आवडलं, म्हणून सरळ सांगते. वीस मिनिटांनंतरही तुम्ही आम्हाला काय विकायला आलात ते आम्हाला नीट कळलं नाही. टेबलावर एक डबा होता. मी सारखी त्याच्याकडे बघत होते. तो कोणी उघडलाच नाही. ह्या वर्षीची यादी आता ठरली आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. आम्ही ताक विकायला गेलो होतो आणि ताकच लपवून परत आणलं होतं, दोन एक्स्पर्ट सोबत घेऊन. मी ते उत्तर तीनदा वाचलं. कुठेच साखर नव्हती. कोट देणाऱ्या काकांवर ढकलायचं मनात आलं, पण काकांनी फक्त मान हलवली होती. वाक्य माझं होतं.

"डबा मी उघडू दिला नाही," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

नाही हो ताई, तसं काही नाही, असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. आपल्याकडे म्हणतात तसं. ती म्हणाली नाही. तिनं फॅक्टरीत फोन लावला, सुपरवायझरचं नाव सांगून जोडून मागितला, आणि बोलली, "येस, आय विल टेक इट. मंडे, सिक्स ओ'क्लॉक." तिकडून काहीतरी लांबलचक कौतुक चाललेलं मला ऐकू येत होतं. तिनं ते पुरं होऊ दिलं, थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. डोळे पुसले, एकदाच, कोटाच्या बाहीनं. मंगळवार-गुरुवारचं किचन सोडतेय असा चर्चला मेसेज केला. तोही एका ओळीचा.

मला पुष्कळ बोलायचं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ, शनिवारी मिळेल असं दुसरं किचन शोधू, काकांना मी सांगते, असं सगळं मी ओठांवर आणून ठेवलं होतं. आधी तिच्या हिमतीबद्दल थोडं बोलावं, मग हळूहळू तिकडे वळावं, असं मनात जुळवत होते. तिनं डबा माझ्यापुढे सरकवला आणि झाकण काढलं.

"आधी खा," ती म्हणाली. "मग बोला."

मी चकली उचलली आणि मोडली. वरून नवऱ्यानं विचारलं, काय गं, काय मोडलं?